डोलकाठीचा कल

शिडाची होडी पाण्यात असते तेव्हा तिची पातळी घटकाभरही एकसारखी राहत नाही. डाव्या काठावर माणूस चढला की ती डावीकडे झुकते, पिण्याच्या पाण्याची टाकी एका अंगाने भरली की तिकडे कलते, आणि वाऱ्याची झुळूक आली तर डोलकाठीचे टोक आकाशात हातभर फिरून येते. अशा वेळी डोलकाठीवरून ओळंबा सोडला तर तो स्थिर होतच नाही. झालाच, तरी त्याने सांगितलेली गोष्ट खरी डोलकाठीची की होडीच्या त्या क्षणीच्या झुकण्याची, हे वेगळे करता येत नाही. म्हणून डोलकाठी नीट उभी आहे की नाही हे पाहायचे असेल तर होडी जमिनीवर घेतात. जमिनीवर आलेली होडी स्थिर होते खरी, पण ज्या पाण्याने तिला तिची बैठक दिली होती ते पाणी तिच्याखालून गेलेले असते. टेकूंवर ती ज्या अवस्थेत विसावली ती तिची खरी अवस्था नसते. त्यामुळे मोजमापाला हात घालण्याआधी तिला पाण्यातली तिची बैठक परत द्यावी लागते, आणि इथे पाण्याचे काम एका आडव्या रेषेकडून करून घ्यायचे असते.

होडी वर घेण्याच्या रीती ठिकाणानुसार बदलतात. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी उधाणाच्या भरतीला होडी किनाऱ्यालगत आणतात, ओहोटीला तिच्याखाली ओंडके सारतात, मग माणसांच्या बळावर तिला वर ओढतात आणि झापांनी शाकारून ठेवतात. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये गावात मराठ्यांच्या आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे. तिथेही जहाज भरतीच्या पाण्यावर तरंगत आत यायचे. मुंबईची जुनी गोदी अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधली गेली आणि वाडिया घराण्याच्या कारागिरांनी तिथे सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. 1817 साली मुंबईत बांधलेले त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. आजच्या नौका क्रेनने किंवा पट्ट्यांच्या चाकी उचलयंत्राने वर येतात. रीत कोणतीही असो, जमिनीवर आल्यावर पहिला प्रश्न एकच: वजन कशावर ठेवायचे?

उत्तर आहे, तळकण्यावर. कोकणातले जुने कारागीर ज्याला पठाण म्हणतात तो होडीच्या तळाचा लांबलचक कणा, किंवा आधुनिक नौकेच्या पोटाखालची शिसे वा लोखंडाने जड केलेली कील, हाच भाग होडीचे वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो. त्याच्याखाली कठीण लाकडाचे चौकोनी ओंडके एकावर एक आडवे-उभे रचतात. बाजूचे टेकू होडीला फक्त पडू देत नाहीत, वजन घेत नाहीत. ही गोष्ट लिहायला सोपी आहे, पण नौकाघरातल्या बहुतेक नुकसानीचे मूळ ती विसरण्यात असते. टेकूवर भार आला की कवच तिथे आत दबते. फायबरग्लासला खळगी पडते, लाकडाच्या फळीचा सांधा उघडतो. म्हणून टेकू लावायचा तो आतल्या आडभिंतीच्या किंवा वाकाच्या (होडीच्या फासळीच्या) समोर, दोन वाकांच्या मधल्या पोकळ जागी नाही. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधायचे, म्हणजे एक सरकला तरी दुसरा त्याला धरून ठेवतो. जमीन मुरमाड, दाबलेली हवी. मऊ मातीवर एकाच पावसात एका बाजूचा टेकू दोन बोटे खचतो आणि आदल्या दिवशीचे सगळे मोजमाप वाया जाते.

आता पातळी कशाची करायची? नवख्याचा हात इथे हमखास डेककडे जातो. डेकवर स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्ये आला, झाले. पण डेक कधीच सपाट नसते. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आणि पिछाडीकडे ते वर चढत जाते, आणि आडवे पाहिले तर पाणी ओघळून जावे म्हणून मध्ये फुगीर असते. तळकण्याची खालची कड धरावी तर अनेक नौकांत तीही मुद्दाम उतरती ठेवलेली असते. खोलीतली जमीन पुष्कळदा पातळीत बसवलेली असते, पण बांधणाऱ्या सुताराने ती कितपत काळजीने बसवली यावर तिचा भरवसा. खरी आडवी रेषा एकच, ती म्हणजे जलरेषा, शांत पाण्यात नेहमीच्या वजनासह होडी तरंगते तेव्हा पाणी तिच्या अंगाला जिथे टेकते ती. रंगाचा पट्टा पाहून ती ओळखता येते असे वाटते, पण पट्टा बहुधा खऱ्या रेषेच्या थोडा वर मारलेला असतो आणि दरवर्षीच्या रंगकामात चिकटपट्टी इकडेतिकडे होऊन तो सरकत गेलेला असतो. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे होडी वर घेण्याआधीच, वारा पडलेला असताना, नाळेवर, पिछाडीवर आणि मधल्या भागात दोन्ही अंगांना पाणी टेकते तिथे खुणा करून ठेवणे. त्या वेळी नांगर, साखळी, पाणी, शिडे सगळे आपापल्या जागी हवे आणि डेकवर कोणी उभे नको. चार खुणा झाल्या की होडीने आपली पातळी आपल्याच अंगावर लिहून ठेवली, असे समजावे.

जमिनीवर त्या चार खुणा पुन्हा एका पातळीत आणणे हे पुढचे काम. त्यासाठी लागणारे साधन समुद्रापासून कितीही दूर गेले तरी सापडते. बारामती–नीरा रस्त्यावरच्या पणदऱ्यात घराचे जोते काढताना गवंडी जी पारदर्शक नळी वापरतो, तीच ही. नळीत पाणी भरायचे, दोन्ही तोंडे उघडी ठेवायची. एक टोक गवंड्याच्या हातात, दुसरे हेल्पर पोराच्या. गवंडी आपल्या कोपऱ्यावरच्या खुणेला पाणी लावतो आणि ओरडतो, "वर घे जरा... अजून... थांब, थांब. हां, मार खूण." तिकडचा पोरगा पेन्सिलीने रेघ मारतो. दोघांच्या मध्ये विटांचा ढीग असो, वाळू असो, अर्धी भिंत असो, एकमेकांची खूण दिसत नसली तरी चालते. होडीभोवतीही नेमकी हीच अडचण असते. नाळेपासून पिछाडीपर्यंत मध्ये तिचे पोट येते, डाव्या खुणेवरून उजवी दिसत नाही. स्पिरिट लेव्हल इथे तोकडी पडते, कारण तिची लांबी हातभर आणि होडीची कित्येक मीटर. तिच्या बुडबुड्यातली केसभर चूक होडीच्या लांबीवर बोटभर होते. नळीतले पाणी मात्र दोन हातांवर जितके अचूक, तितकेच दहा मीटरवर.

तरी नळीलाही तिचे कायदे आहेत आणि ते मोडले तर ती खोटे सांगते. पाणी भरताना आत अडकलेला हवेचा बुडबुडा हा तिचा पहिला शत्रू. तो नळी उलगडून, टिचक्या मारून बाहेर काढावा लागतो. पाण्यात थेंबभर साबण घातला तर तो लवकर सुटतो. दोन्ही टोकांना नळी एकाच जाडीची हवी, कारण बारीक नळीत पाणी काठाला धरून जरा अधिक वर चढते, आणि दोन टोकांच्या जाड्या वेगळ्या असतील तर तेवढा फरक मापात शिरतो. वाचायचे ते पाण्याच्या वाटीचा तळ, काठ नव्हे, आणि दोन्ही टोकांना एकाच पद्धतीने. तिसरी गोष्ट उन्हाची. नळीची एक उभी बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत राहिली तर उन्हातले पाणी तापून हलके होते आणि वर उभे राहते. उभ्या भागाची लांबी मीटरभर आणि तापमानातला फरक वीस अंशांचा असेल तर दोन्ही टोकांत सहा-सात मिलिमीटरची तफावत येते. वैशाखातल्या बारामतीच्या उन्हात वीस अंशांचा फरक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून जाणता गवंडी जोत्याची पातळी सकाळी घेतो, आणि नौकाघरातही हे काम सूर्य वर येण्याआधी उरकतात. पहाटेला वाराही पडलेला असतो, हा दुसरा फायदा.

पणदऱ्याचा मुलूख पातळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकवतो, आणि ती डोलकाठीसाठी नळीइतकीच कामाची आहे. या गावाच्या शिवारातून नीरा डावा कालवा जातो. 1876-77च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून त्याची खोदाई हाती घेतली गेली आणि नीरेवरच्या वीरच्या बंधाऱ्यापासून पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तालुक्यांतून पाणी फिरले. कालवा पाहणाऱ्याला तो सपाट वाटतो. तो सपाट असता तर पाणी जागच्या जागी साचले असते. त्याला इतका बारीक ढाळ आहे की डोळ्याला तो दिसत नाही, आणि तो बारीक असल्यामुळेच तो मोजून द्यावा लागला. ढाळ जास्त झाला तर पाणी काठ खाते, कमी झाला तर गाळ बसतो. उसाच्या सरीलाही हेच लागू: शेत आधी पातळीत आणायचे आणि मग पाणी दुसऱ्या टोकाला पोचेल इतकाच उतार ठेवायचा. पातळी इथे साध्य नाही, मोजायचा आरंभबिंदू आहे. डोलकाठीचेही तसेच आहे. ती क्वचितच खरोखर लंबरूप हवी असते. तिला ठरावीक कल द्यायचा असतो, आणि तो किती दिला हे कळण्यासाठी होडी पातळीत असावी लागते. डोलकाठी म्हणजे दिव्याच्या खांबासारखी सरळ उभी हवी, ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

होडी पातळीत आणताना आधी लांबीची दिशा, मग रुंदीची. लांबीसाठी तळकण्याखालच्या ओंडक्यांत पाचर ठोकून एक टोक उचलतात. भारी नौकेला जॅक लावतात, पण जॅक आणि तळकण्याच्या मध्ये जाड लाकडी फळी हवी आणि जॅक सोडण्याआधी ओंडके पुन्हा घट्ट झालेले हवेत. एक टोक थोडे उचलले की बाजूचे सगळे टेकू ढिले करून पुन्हा लावावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून टेकूंचे स्क्रू पिळून होडी उचलायला गेले की कवच दबलेच. रुंदीच्या दिशेला मात्र टेकू हेच साधन. एका अंगाचा स्क्रू किंचित सोडायचा, समोरचा तितकाच आवळायचा, आणि दर वेळी नळी लावून पाहायचे.

या दोन दिशांतली रुंदीची दिशा अधिक काळजी मागते. समजा होडी साडेतीन मीटर रुंद आहे, तिच्या लांबीच्या खुणा नऊ मीटर अंतरावर आहेत आणि डोलकाठी पंधरा मीटर उंच आहे. लांबीच्या पातळीत एक सेंटिमीटरची चूक राहिली तर डोलकाठीच्या टोकाशी ती साधारण पावणेदोन सेंटिमीटर होते. रुंदीत तेवढीच चूक राहिली तर टोकाशी ती सव्वाचार सेंटिमीटरच्या पुढे जाते. जिथे आधार अरुंद तिथे चूक उंचीवर जास्त पसरते. म्हणून लांबीत सेंटिमीटर सोडला तरी चालेल. रुंदीत दोन-तीन मिलिमीटरच्या आत यावे.

डोलकाठीकडे वळण्याआधी होडी स्वतः दोन्ही अंगांनी सारखी आहे का, हे पाहणे अगत्याचे. हाताने बांधलेल्या होड्यांत डावे-उजवे थोडे वेगळे असणे नवलाचे नाही. साच्यातून निघालेल्या फायबरग्लासच्या होडीतही डेक बसवताना बोटभर सरकलेले असू शकते. नाळेच्या मध्यबिंदूपासून पिछाडीच्या मध्यबिंदूपर्यंत बारीक सूत ताणतात. डोलकाठीचा पाया आणि डेकमधून ती वर येते ते भोक, दोन्ही या सुतावर हवेत. मग नाळेच्या टोकापासून टेप धरून दोन्ही काठांवर सारख्या अंतरावर एकेक खूण करतात, डोलकाठीच्या साधारण आडव्या रेषेत. डोलकाठीला बाजूंनी धरून ठेवणारे तणावे ज्या पट्ट्यांना बांधलेले असतात त्या पट्ट्याच खुणा म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्या सारख्या अंतरावर बसवल्या आहेत हे आधी तपासून मगच.

आता डोलकाठीची पहिली चाचणी. मोठे शीड वर चढवायच्या दोराला पोलादी टेपचे टोक बांधायचे आणि ते डोलकाठीच्या माथ्यापर्यंत खेचून दोर घट्ट अडकवायचा. टेप डाव्या खुणेपर्यंत ताणून आकडा वाचायचा, मग तीच टेप, दोर न हलवता, उजव्या खुणेपर्यंत. दोन्ही आकडे सारखे तर माथा होडीच्या मध्यावर आहे. ज्या होडीची मापे वर धरली तिच्यात दोन आकड्यांत एक सेंटिमीटरचा फरक आला, तर माथा सुमारे सव्वाचार सेंटिमीटर एका बाजूला गेला आहे असा त्याचा अर्थ. कापडी टेप इथे चालत नाही, ती ताणली जाते; पोलादी टेपही दोन्ही वेळा सारख्याच जोराने ओढावी लागते. माथ्यावरची कप्पी मध्यापासून किंचित बाजूला असेल तर तेवढी वजावट धरायची.

या चाचणीची खुबी अशी की तिला होडी पातळीत असण्याची गरजच नाही. ती डोलकाठीला पृथ्वीशी नव्हे, होडीशी ताडून पाहते. होडी हातभर कललेली असली तरी दोन्ही बाजूंची अंतरे सारखीच येतील. ओळंबा पृथ्वीची दिशा सांगतो. वल्ह्याला, सुकाणूला, शिडाला तिच्याशी कर्तव्य नसते, त्यांना होडीची दिशा हवी. शिडाच्या नौकेवर ओळंबा आणि टेप या दोन्ही साक्षी घ्याव्यात आणि त्या जुळल्या तरच पुढे जावे. जुळल्या नाहीत, तर बहुतेक वेळा दोष डोलकाठीत नसतो, होडीच्या पातळीत राहिलेला असतो, आणि नळी पुन्हा उलगडावी लागते. दोन स्वतंत्र मार्गांनी एकाच आकड्याला पोचणे हा या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे, आणि तो घाईने मिळत नाही.

माथा मध्यावर आला म्हणजे डोलकाठी सरळ झाली असे नाही. पायाशी मध्यावर, माथ्याशी मध्यावर आणि मधल्या भागात धनुष्यासारखी वाकलेली, किंवा एस आकारात वळलेली, असे चित्र पुष्कळदा दिसते. हे तपासायला उपकरण लागत नाही. डोलकाठीच्या मागच्या बाजूला शीड सरकवण्याची खाच असते. तिच्या बुडाशी गाल टेकून एक डोळा मिटून वर पाहायचे. बंदुकीची नळी रोखून पाहतात तसे. खाच एकसंध काळी रेघ दिसली पाहिजे. जिथे ती डावीकडे किंवा उजवीकडे फुगते, तिथे डोलकाठीतून बाजूला निघणाऱ्या आडव्या काठीच्या बुंध्याला बांधलेला तणावा ढिला किंवा घट्ट आहे. क्रम इथे पाळावा लागतो: आधी माथ्यापर्यंत जाणारे वरचे तणावे सारखे करून माथा मध्यावर आणायचा, नंतर खालच्या तणाव्यांनी पोट सरळ करायचे. उलट केले तर पोट सरळ होते आणि माथा हलतो, मग माथा आणला की पोट पुन्हा बिघडते. तणावे आवळण्याचे टर्नबकल दोन्ही बाजूंना सारखे फेरे मोजून फिरवायचे, एका बाजूला अर्धा फेरा सोडला की समोर अर्धाच आवळायचा.

मग येतो पुढे-मागे कल. हा ओळंब्याने मोजतात आणि त्यासाठी होडी लांबीच्या दिशेने पातळीत असावीच लागते. मोठ्या शिडाच्या दोराला जड वजन बांधून डोलकाठीच्या बुडाशी सोडतात. वाऱ्याने ते झुलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. दोर आणि डोलकाठीची मागची कड यांतले अंतर, त्यातून माथ्यावरची कप्पी जितकी मागे असेल तितके वजा, हा कल. पंधरा मीटरच्या डोलकाठीला एक अंशाचा मागे कल म्हणजे बुडाशी सुमारे सव्वीस सेंटिमीटर. हा आकडा हातात धरून काम करणे सोपे, अंशाच्या भाषेत बोलणे अवघड. माथा मागे गेला की शिडावरच्या वाऱ्याच्या जोराचे केंद्र मागे सरकते, होडीची नाळ वाऱ्याकडे वळायला लागते आणि सुकाणू तिला धरून ठेवावे लागते. थोडीशी ही ओढ मुद्दाम ठेवतात: सुकाणूवरचा हात सुटला तर होडी स्वतःहून वाऱ्याकडे वळून थांबते. ती जास्त झाली तर सुकाणू धरणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि होडी पाण्यात सुकाणू ओढत रखडते.

अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरच्या जुन्या जहाजांनी याच्या उलट रीत ठेवली होती. फत्तेमारी आणि मचव्याची डोलकाठी नाळेकडे, पुढे झुकलेली असते. या जहाजांवर लांबच लांब तिरकी आडकाठी लटकवून तिच्यावर त्रिकोणी शीड असते. डोलकाठी पुढे झुकलेली असल्याने ती आडकाठी मोकळी लटकते, आणि शीड चढवायचा जाड दोर मागे आणून बांधला की तोच मागच्या तणाव्याचे काम करतो. या डोलकाठीला मागे कलणाऱ्या नौकेचे माप लावले तर ती वाकडीच ठरेल. या किनाऱ्याच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या हा कल डोळ्याने दिला, आणि तो त्यांच्या शिडासाठी बरोबर होता. कोणत्या डोलकाठीला किती कल हे त्या होडीच्या शिडावरून आणि तिच्या बांधणाऱ्याने सांगितलेल्या मापावरून ठरते, शेजारच्या होडीवरून नाही.

एवढ्या काळजीचे कारण डोलकाठीवर येणारा भार. गोव्यात मांडवीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस नौकाघरात भारतीय नौदलासाठी म्हादेई ही शिडाची नौका बांधली गेली. 12 फेब्रुवारी 2009 रोजी ती नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता तीच फेरी पूर्ण केली. त्याच ठिकाणी बांधलेली तारिणी 18 फेब्रुवारी 2017 रोजी नौदलात दाखल झाली, आणि वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात तिच्यावरून जग फिरून आल्या. तारिणीची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच आहे, आठ मजली इमारतीएवढी. दक्षिणेच्या महासागरात ती दिवसचे दिवस एकाच अंगावर झुकून चालते आणि सगळा भार वाऱ्याकडच्या दोन-तीन तणाव्यांवर येतो. डोलकाठी सरळ असेल तर तो भार तिच्या लांबीतून खाली पायाकडे उतरतो. ती वाकलेली असेल तर तोच भार तिला आणखी वाकवतो, आणि ही वाढ एका मर्यादेपलीकडे थांबत नाही.

सरळ डोलकाठीलाही समुद्र माफ करतोच असे नाही. 2018च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांची थुरिया 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले. थुरिया ही सुहैली या नौकेची प्रतिकृती होती आणि तीही गोव्यातच बांधलेली. मूळ सुहैली मुंबईत कुलाब्याच्या कारागिरांनी सागवानात बांधली, 1964 साली ती पाण्यात उतरली, आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यावरून 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या काळात एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले. जेमतेम 32 फुटांच्या दोन डोलकाठ्यांच्या त्या नौकेने जग पालथे घातले, यात मुंबईच्या सुतारांचा वाटा मोठा आहे आणि महाराष्ट्रात तो फारसा सांगितला जात नाही.

छोट्या होडीला हे सगळे अर्ध्या तासात होते. पुणे जिल्ह्यातच खडकवासल्याच्या जलाशयावर, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बे इथे छात्र ज्या लहान शिडाच्या होड्या चालवतात, तसली होडी दोन माणसे उचलून चाकगाड्यावर ठेवू शकतात. तिथे ओंडके नाहीत, जॅक नाही. गाड्याखाली एक वीट सारली की रुंदीची पातळी मिळते. पण चाचण्यांचा क्रम तोच: सूत, टेप, खाच, ओळंबा. लहान होडीवर ज्याने तो अंगवळणी पाडला त्याला मोठ्या नौकेवर नवीन फक्त वजन असते. उजनीच्या पाण्यावर, इंदापूरच्या बाजूला, मासेमारीच्या होड्यांना डोलकाठी नसते. पण त्याही काठावर दुरुस्तीला आल्या की तळ दोन्ही अंगांना सारखा आहे का हे नळीने पाहता येते.

जमिनीवरच्या मोजमापाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. तळकण्यावर उभी असलेली होडी पाण्यातल्या होडीहून किंचित वेगळ्या आकाराची असते. पाण्यात तिला सगळ्या बाजूंनी आधार असतो, ओंडक्यांवर तो एका रेषेत येतो. लाकडी होडी तर उन्हाळाभर जमिनीवर राहिली की वाळून सांधे उघडते आणि पाण्यात गेल्यावर फुगून दोन दिवसांत पुन्हा मिटते. म्हणून जमिनीवर तणावे पूर्ण ताणायचे नाहीत. डोलकाठी जागेवर, सरळ आणि मध्यावर राहील इतकेच आवळायचे. डोलकाठी उभी ठेवून होडी पावसाळाभर टेकूंवर सोडणे तर टाळलेलेच बरे. वादळी वाऱ्यात माथ्यावर येणारा जोर टेकूंना उलथवायला पुरेसा असतो, आणि कोकणातल्या जुन्या माणसांनी डोलकाठी उतरवून मगच होडी शाकारली ती उगाच नाही.

सगळी मापे एका वहीत उतरवतात: चार खुणांमधली अंतरे, माथ्यापासून दोन्ही खुणांपर्यंतचे आकडे, ओळंब्याचे अंतर, प्रत्येक टर्नबकलचे उघडे राहिलेले आटे. जलरेषेच्या खुणा खिळ्याने किंवा रंगाखालच्या ठिपक्याने कायम करतात, म्हणजे पुढल्या वर्षी नळी थेट तिथे लावता येते. होडी पाण्यात उतरली, एक-दोन दिवस तिने पाणी प्यायले, की शांत बंदरात तणावे अखेरचे ताणतात. मग मध्यम वाऱ्यात एकदा डाव्या, एकदा उजव्या अंगावर चालवून पुन्हा त्याच खाचेतून वर पाहतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा तणावा किंचित सैल पडणे ठीक. तो लोंबकळला तर अजून अर्धा फेरा हवा. डोलकाठी दोन्ही अंगांना सारखी वागली की टर्नबकलच्या पिना घालून त्यांची टोके वाकवतात, आणि कोणाच्या शिडाला किंवा हाताला ती लागू नयेत म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळतात.